फटफटीवरच्या व्यापाऱ्याने कॅमेरा कोणता घ्यावा?

आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागिरांचा अर्धा धंदा आजही फटफटीवर चालतो. मालेगावची साडी तालुक्याच्या बाजारात पोहोचविणारा, जुने फर्निचर पाहण्यासाठी गावोगाव हिंडणारा, कोकणात आंब्याच्या बागा बघून सौदा ठरविणारा, दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या लाकडी कामाची मापे घ्यायला जाणारा सुतार, हे सारे सकाळी किक मारून निघतात आणि मगरिबच्या सुमारास घरी परततात. पूर्वी मागच्या कॅरिअरला नमुन्यांचे गाठोडे असे. आता गिऱ्हाईक म्हणते, "भाई, आधी फोटो टाका." फोटो पसंत पडला तर ऑर्डर मिळते. फोटोत एक आणि हातात दुसरेच निघाले तर माल परत येतो, दोन्ही वेळचे भाडे अंगावर पडते आणि बाजारात शब्द जातो तो वेगळाच. म्हणून कॅमेऱ्याचा प्रश्न आम्ही हौसेचा मानीत नाही. तराजू जसा तपासून घेतात, तसाच कॅमेराही तपासून घ्यावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, खिशात मोबाइल असताना निराळा कॅमेरा हवा कशाला? जो दुकानात गादीवर बसून धंदा करतो त्याला आमचे उत्तर आहे की, नको. चांगला मोबाइल त्याला पुरे. पण रोज शंभर-दीडशे किलोमीटर दुचाकीवर काढणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. आणि हे आम्हीच म्हणतो असे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने स्वतःच आपल्या ग्राहकांना सूचना दिली होती की, शक्तिशाली इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला किंवा सांगाड्याला आयफोन अडकवू नये, कारण तेथील हादऱ्यांमुळे फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. मोपेड आणि स्कूटरचे हादरे त्या मानाने कमी. तरी तेथेही हादरे शोषून घेणारी पकड वापरावी, असे त्याच सूचनेत म्हटले होते.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये कॅमेऱ्याची काच पक्की बसविलेली नसते. ती चुंबकांच्या ओढीवर तरंगती ठेवलेली असते. हात डावीकडे गेला की यंत्र ती क्षणात उजवीकडे सरकविते. ही योजना माणसाच्या हाताच्या थरथरीसाठी केलेली आहे. एका सिलिंडरच्या इंजिनाचा धडधडाट मिनिटाला हजारो वेळा हँडलपर्यंत पोहोचतो. तो महिनोन् महिने सोसणे त्या नाजूक यंत्राच्या ताकदीबाहेरचे आहे. मग फोटो धूसर येऊ लागतात आणि फोकस पुढे-मागे धावत राहतो. ही योजना एकाच कंपनीच्या फोनमध्ये नाही, इतर अनेक फोनमध्येही आहे. तेव्हा आपला फोन दुसऱ्या कंपनीचा आहे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. सगळेच फोन बिघडतात असेही नाही. पण रस्ता पाहण्यासाठी फोन दिवसभर हँडलला लावणाऱ्याने हा धोका ओळखून असावे.

शिवाय मोबाइल हा आता नुसता फोन राहिलेला नाही. आपला गल्ला, उधारीची वही आणि टपाल एकाच पेटीत आले आहे. त्यातला कॅमेरा गेला तर दुरुस्तीसाठी संपूर्ण पेटीच कारागिराच्या हवाली करावी लागते. तेवढे दिवस पैसे घेणे बंद आणि गिऱ्हाइकाचा नंबरही हाताशी नाही. पुण्याला जाणाऱ्या मालाची सारी कागदपत्रे, शाळेची फी आणि घरच्यांचे फोटो ज्यात आहेत, त्याच वस्तूला खडी-धुळीत, पावसात बाहेर काढून लाकडाच्या वखारीचे फोटो घेण्यात शहाणपण नाही, असे आमचे मत आहे. फोन खिशात राहू द्यावा. मालाच्या फोटोसाठी लहानसा, कणखर कॅमेरा निराळा ठेवावा.

धूळ, पाणी आणि डबीतला उन्हाळा

कॅमेऱ्याला रस्त्यावर चार शत्रू भेटतात. हादऱ्यांविषयी वर सांगितलेच. दुसरा शत्रू म्हणजे धूळ, आणि आमच्या अनुभवात पाण्यापेक्षा हिनेच जास्त कॅमेरे खाल्ले आहेत. नेहमीचा छोटा कॅमेरा सुरू केला की त्याची नळी तोंडातून बाहेर येते आणि बंद केला की आत जाते. या ये-जा करणाऱ्या नळीला जी बारीक फट असते, तिच्यातून डोळ्यांना न दिसणारी धूळ आत ओढली जाते. सहा महिन्यांत नळी अडखळू लागते, किंवा आतल्या संवेदकावर ठिपका बसतो आणि प्रत्येक पांढऱ्या कपड्यावर तोच काळा डाग दिसू लागतो. गिऱ्हाइकाला वाटते की कापडच डागाळलेले आहे.

म्हणून आमची पहिली अट ही की, कॅमेरा सुरू केल्यावर त्याच्यातून काहीही बाहेर येता कामा नये. काचांची सारी हालचाल आतल्या आत, बंद पेटीत व्हावी. दुकानदाराने बाकी काहीही सांगितले तरी आधी तो सुरू करून बघावा. एवढ्या एका परीक्षेत निम्मे कॅमेरे बाद होतात.

पाण्याबाबत 'आयपी' नावाचा दोन आकड्यांचा शिक्का पाहावा. पहिला आकडा धुळीचा असतो आणि त्यात ६ हा सर्वांत वरचा. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल; ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनीने सांगायचे. मात्र हे आकडे स्थिर पाण्याचे आहेत. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा निराळी असते, त्यामुळे गाडी धुण्याच्या पाइपाखाली कॅमेरा धरून त्याची मर्दुमकी पाहू नये. 'मिलिटरी ग्रेड' ही जाहिरात तर कोणी फार मनावर घेऊ नये. अमेरिकी लष्कराचे ते मानक खरे आहे, पण लष्कर कोणाच्या मोबाइलला किंवा कॅमेऱ्याला प्रमाणपत्र देत बसत नाही. कंपनी स्वतःच परीक्षा घेते आणि स्वतःच निकाल जाहीर करते.

चौथा शत्रू ऊन. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर जातो. मग उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बंद डबीत काय होत असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. बॅटरी फुगते ती तेथेच.

बांधकामावरच्या मुकादमाचा कॅमेरा

कणखर कॅमेरा हा काही पर्यटकांसाठी निघालेला प्रकार नव्हे. जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोनिका कंपनीने 'गेन्बा कांतोकु' नावाचा कॅमेरा काढला. या नावाचा अर्थच मुळी 'बांधकामावरचा मुकादम' असा होतो. तेथे कामाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो नोंदीसाठी ठेवावा लागत असे, आणि सिमेंट, पाऊस, हातमोजे यांतून चालेल असा कॅमेरा मजुरांना हवा होता. म्हणजे हे कामकऱ्याचे हत्यार आहे, आणि आपण ते त्याच नजरेने निवडावे.

डिजिटल जमान्यात हा वसा ऑलिम्पसने चालविला. २००६ साली त्यांनी दीड मीटरवरून पडूनही टिकणारा आणि तीन मीटर पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा आणला. त्याच घराण्यातला टीजी-६ हा २०१९ मध्ये आला. पुढे २०२१ पासून ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा धंदा ओएम डिजिटल सोल्युशन्स या निराळ्या कंपनीकडे गेला आणि तिने २०२३ मध्ये टीजी-७ काढला. वजन सुमारे पाव किलो, १५ मीटरपर्यंत पाणी, २.१ मीटरवरून पडणे आणि १०० किलोचा दाब सोसण्याची हमी, आणि नळी बाहेर न येणारी रचना. अमेरिकेत तो साधारण ५५० डॉलरना निघाला होता. यावरून आपल्याकडे कर आणि नफा धरून काय पडेल याचा अंदाज येईल.

दुसरा रिकोचा डब्ल्यूजी-८०, २०२२ मधला. तो आणखी हलका, दोनशे ग्रॅमच्या आतला. १४ मीटर पाणी आणि १.६ मीटरची पडझड त्याला चालते. चित्राच्या दर्जात तो ऑलिम्पसच्या मागे आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण त्याच्या काचेभोवती सहा बारीक दिव्यांचे कडे आहे. अगदी जवळून फोटो घेताना कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली मालावर पडते, ती अडचण या कड्याने जाते. अंगठ्या, नग, घड्याळाचे सुटे भाग यांचा धंदा करणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

या दोघांची खरी किंमत जवळच्या फोटोत आहे. टीजी मालिकेतला कॅमेरा वस्तूपासून एक सेंटीमीटरवर नेऊनही फोटो घेता येतो. औरंगाबादी हिमरूची वीण खरी की छापील, जरीचा धागा कसा वळला आहे, कोल्हापुरी चपलेची शिवण हाताची की मशीनची, हे एका फोटोत दिसते. मिरजेच्या सतारीचे उदाहरण घ्या. या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून येतो. शंभरेक किलोमीटर दुचाकीवर जाऊन कारागिराने ढिगातले भोपळे पाहिले, तर देठाजवळची केसासारखी चीर त्याच्या डोळ्याला दिसते. पण घरी थांबलेल्या भावाला किंवा दूरच्या गिऱ्हाइकाला ती दाखवायची कशी? दूरवरून घेतलेल्या फोटोत सारे भोपळे सारखेच देखणे. चीर दाखवणारा फोटो जवळूनच घ्यावा लागतो, आणि सौदा त्याच्यावर ठरतो.

आता उणे बाजूही सांगतो. या कॅमेऱ्यांचा संवेदक फार लहान, जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो. उजेडात काम उत्तम. अंधाऱ्या कारखान्यात मात्र फोटोत दाणे दिसू लागतात. सोनीच्या आरएक्स-१०० मालिकेतल्या कॅमेऱ्याचा संवेदक क्षेत्रफळाने याच्या चौपट मोठा. तोही खिशात मावतो आणि मंद प्रकाशात फोटो सरस देतो. पण त्याची नळी बाहेर येते आणि धुळीपासून त्याला काहीही संरक्षण नाही. ज्याचे काम बहुतेक छपराखाली चालते आणि जो कॅमेरा नीट पिशवीत बाळगतो, त्याने तो घ्यावा. खडीच्या रस्त्यावरच्या माणसाला आम्ही तो सुचविणार नाही. हेल्मेटवर लावायच्या छोट्या कॅमेऱ्यांचे तरुणांना वेड आहे. रस्त्याचे चित्रण करायला ते ठीक, पण त्यांची काच फार रुंद पाहणारी असल्याने चौकटीच्या कडेच्या सरळ रेषा धनुष्यासारख्या वाकतात. अशा फोटोत कपाट वाकडे दिसते. सुताराने आपले काम वाकडे दाखवून कसे चालेल?

मेगापिक्सेलच्या आकड्यावर कोणी भुलू नये. टीजी-७ चे १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण तेरा बाय दहा इंचांची स्वच्छ छपाई. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेला फोटो तर त्याहून कितीतरी लहान करून पुढे जातो. वीण किंवा चीर दाखवायची असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो जसाच्या तसा पोहोचतो.

फोटोतला माल आणि हातातला माल

सजीवांच्या चित्राबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय या पानाचा नाही. येथे प्रश्न मालाचा आहे, आणि त्यात मतभेदाला जागा नाही. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पाहतात, वरून कोरडे धान्य आतून भिजलेले निघते आणि ते विक्रेत्याला भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस म्हणून विचारतात, हा प्रसंग आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर. दिवाणखान्याच्या पिवळ्या दिव्यात घेतलेला फोटो, त्यावर मोबाइलने आपोआप चढविलेला रंग आणि मग आपण वाढविलेली झळाळी, यातून मोरपंखी साडी निळी दिसू लागते. विक्रेत्याच्या मनात फसवणूक नसते, पण गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती निराळीच साडी.

हनफी फिक्हमध्ये 'खियार-ए-रूयत' नावाचा हक्क सांगितला आहे. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नापसंत ठरला तर सौदा मोडण्याची मुभा खरेदीदाराला असते. फोटो पाहणे हे माल पाहणे ठरते की नाही, याचा निर्णय जाणकार मुफ्तींनी द्यावा. आम्ही व्यापाऱ्याच्या बाजूने एवढेच म्हणतो की, फोटो खोटा असेल तर हा वाद उपस्थित होणारच.

उपाय स्वस्त आहेत. माल सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघड्यावर, पण सावलीत ठेवावा. भर उन्हात रंग फिके पडतात आणि ट्यूबलाइटखाली ते हिरवट दिसतात. फोटोच्या एका कोपऱ्यात कोरा पांढरा कागद ठेवावा. तो कागद फोटोत पांढराच दिसला तर रंग खरे आले असे समजावे. फूटपट्टी किंवा ओळखीचे नाणे शेजारी ठेवले की मापाचा प्रश्न मिटतो. कॅमेऱ्यात रंग भडक करणारी जी सोय असते, ती बंद करावी. आणि प्रत्येक मालाचे तीन फोटो घ्यावेत: पूर्ण वस्तू, कारागिरी जवळून, आणि दोष असेल तर तोही जवळून. तिसरा फोटो पाठवायला मन कचरते, हे आम्हाला माहीत आहे. पण तो पाठविणाऱ्याचा माल परत कमी येतो.

खरेदी करताना

डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला. ज्याची नोंदणी नियमित पद्धतीची आहे आणि कॅमेरा धंद्यासाठीच आहे, त्याला हा कर आपल्या देण्यातून वळता करून घेता येतो. पन्नास हजार मूळ किमतीवर ही रक्कम नऊ हजार होते, काही थोडीथोडकी नव्हे. त्यासाठी बिलावर आपला जीएसटी क्रमांक हवा. कराच्या याच रकमेवर घसारा धरला तर मात्र वळते करून घेता येत नाही, हे आपल्या हिशेबनिसाला आठवण करून द्यावे. कंपोझिशन योजनेतल्यांना ही सवलत नाही.

हप्त्यांबद्दल सावध करणे आमचे कर्तव्य आहे. दुकानात 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तू मुळात अस्तित्वात नाही; व्याजाचा भार दुसऱ्या कोठल्या तरी रूपात लपविलेला असतो. आजच्या 'नो कॉस्ट' योजनेत बहुधा दुकानदार किमतीत सूट देतो आणि तेवढीच रक्कम बँक व्याज म्हणून लावते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी पाटी वाचून न थांबता हप्त्यांचा कागद वाचावा. रोख देणे जमत नसेल तर सहा महिने थांबावे, किंवा गावात बिनव्याजी पतसंस्था असेल तर तिचे दार ठोठवावे.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने एका रांगेत आहेत, तेथे तुलना करता येते. बिलाशिवाय स्वस्त मिळणाऱ्या बाहेरच्या मालाला येथील वॉरंटी लागू होत नाही, आणि कणखर कॅमेऱ्याला दुरुस्ती लागली तर ती कोपऱ्यावरचा कारागीर करू शकत नाही. म्हणून किंमत विचारण्यापूर्वी सर्व्हिस कोठे होते ते विचारावे. वापरलेला घेणार असाल तर आकाशाचा एक फोटो काढून मोठा करून पाहावा, ठिपके असतील तर दिसतील. झाकणाच्या कडेचे रबर बोटाने चाचपावे. कडक झाले असेल किंवा चिरले असेल, तर तो कॅमेरा पाण्यासाठी नालायक समजावा, मग त्यावर कोणताही आकडा छापलेला असो. नवीन कॅमेऱ्याचेही हे रबर वर्षातून एकदा बदलावे असे कंपन्याच सांगतात, आणि एकदा जोरात आपटल्यावर पाण्याची हमी राहत नाही.

गाडीवर कोठे ठेवावा?

मागची डबी ही सर्वांत वाईट जागा. ती मागच्या चाकाच्याही मागे असल्याने प्रत्येक खड्ड्याला तिला सर्वांत मोठा धक्का बसतो. कॅमेरा अंगावर बाळगावा. माणसाचे शरीर स्वतःच हादरे शोषते. मात्र छातीवर किंवा पाठीच्या कण्यावर कठीण वस्तू बांधू नये. पडलो तर तीच हाडात घुसते. कमरेच्या बाजूला जाड पट्ट्याची पिशवी सर्वांत बरी. अंगावर नकोच असेल तर टाकीवरच्या पिशवीत खाली दोन बोटे जाड स्पंज घालून ठेवावा.

टीजी-७ ला गाडीवर चार्ज करण्याचा मोह होतो, कारण त्याला मोबाइलचीच वायर चालते. पण वायर लावायची म्हणजे झाकण उघडायचे, आणि झाकण उघडले की धूळ-पाण्यापासूनचे सारे संरक्षण संपले. एका बॅटरीत तीनशेहून अधिक फोटो निघतात. दुसरी बॅटरी भरून खिशात ठेवावी आणि ती बदलणे छपराखाली, कोरड्या हाताने करावे. झाकण लावण्यापूर्वी रबरावर केस किंवा रेतीचा कण नाही ना, ते पाहावे. एका केसानेही पाणी आत येते. कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात कॅमेरा रात्री हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. पुड्या महिन्याकाठी तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. रबर बदलायचे असेल तर ते मे महिन्यातच बदलून घ्यावे, कारण पाऊस सुरू झाल्यावर सर्व्हिसवाल्याकडे सगळ्यांचीच गर्दी होते.